वीस तासांचं व्रत

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर कामाचे तास मोजायची पद्धत नाही. भरतीची वेळ मोजतात, नारळ मोजतात, पांढऱ्या कांद्याच्या माळा मोजतात, मांडव्याची शेवटची बोट सुटायला किती मिनिटं उरलीत हे तर रिक्षात बसलेला प्रत्येक जण मोजतो. पण माणूस किती तास राबला, हे मोजावं असं कुणाला कधी वाटलं नाही. वाडीचं शिंपणं झालं की काम संपलं. होडी बंदराला लागली, मासळी उतरली, लिलाव झाला की काम संपलं. पाहुणे जेवून उठले की... नाही, तिथे काम संपत नाही, तिथे भांडी सुरू होतात.

अशा या मुलखात गेल्या काही वर्षांत एक नवं व्रत आलं आहे. नाव 'वीस तास'. सोमवारी बसवायचं, रविवारी उठवायचं, आणि उद्यापन थेट पदवीदानाला. मधल्या सात दिवसांत एकविसावा तास घडला तर कोप ठरलेला. आणि हा कोप नारळ देऊन शमणारा नव्हे. व्हिसा रद्द होऊन पोर सामानासकट घरी येतं.

ज्या घरातलं पोर परदेशी शिकायला गेलंय ते घर ओळखायचं असेल, तर दारातली गाडी बघू नका, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघा. सोमवारच्या चौकोनाला लाल गोल, रविवारच्या चौकोनाला लाल गोल, आणि मधे बारीक आकडे: ४, ६, ०, ५, ५. पूर्वी त्या जागी दुधाचा हिशेब असायचा. आता दूध पिशवीतून येतं आणि पोराच्या शिफ्टा व्हॉट्सॲपवरून. रात्री जेवणं झाली की आई-वडील बेरीज करतात. बेरीज वीस आली की घरात समाधान. एकोणीस आली की हळहळ, 'एक तास वाया गेला हो!' आणि एकवीस आली की मला बोलावणं येतं.

मला, म्हणजे मी काही वकील नाही. निवृत्त माणूस आहे, इंग्रजी फॉर्म शेवटपर्यंत वाचायची वाईट सवय आहे, एवढ्याच भांडवलावर आमच्या आळीने मला परराष्ट्र खात्याचा मानद सल्लागार करून टाकलं. मानधन म्हणून कोकम सरबत.

तर नियम असा. ब्रिटनमध्ये पदवीच्या किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. पदवीच्या खालचा अभ्यासक्रम असेल तर १०. आठवडा सोमवार ते रविवार. सरासरी काढायची सोय नाही. या आठवड्यात १२ झाले, पुढच्यात २८ करून भरून काढतो, असं चालत नाही. हे ऐकून आमचे शेजारी नाना हिरमुसले. नानांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली. तिथे आजचं काम पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्याचं पुढच्या साहेबाच्या कारकिर्दीत करायची प्रथा होती.

'आणि नाना,' मी म्हटलं, 'पगार न घेता केलेलं कामसुद्धा या वीसमध्ये धरतात.'

'म्हणजे फुकट केलं तरी गुन्हा?'

'विसाच्या वर गेलं तर.'

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'आपल्याकडे लावला हा कायदा, तर घरोघरच्या बायका आत जातील.'

वीस तासांतसुद्धा काहीही करून चालत नाही. स्वतःचा धंदा करायचा नाही. ॲपवरून मागवलेलं जेवण सायकलवरून पोचवायची कामं बहुतेक स्वयंरोजगारात मोडतात, म्हणून तीही नाहीत. व्यावसायिक खेळाडू व्हायचं नाही. लोकांचं मनोरंजन करून पैसे कमवायचे नाहीत. नानांचा नातू आमच्या भजनी मंडळाचा मृदुंग. त्याने तिकडच्या कुणाच्या बारशाला चार पौंडांची सुपारी घेतली, तर ब्रिटिश सरकारची वक्रदृष्टी ओढवायची. श्रीवर्धनच्या सुपारीवर वाढलेल्या पोराला सुपारी घ्यायची बंदी, आता बोला!

आणखी एक खोच आहे, ती पोरांना परदेशी धाडणारा एजंट सांगत नाही. उन्हाळा लागला, वर्ग संपले, आता हवं तेवढं काम, म्हणून मास्टर्सची पोरं कॉलर ताठ करतात. तोवर विद्यापीठाची मेल येते की बाबांनो, तुमचा उन्हाळा म्हणजे प्रबंध लिहायचा काळ, आणि तो सत्रातच धरला जातो. म्हणजे बीएच्या पोराला सुट्टी, एमएच्या पोराला नाही. जितकं जास्त शिकावं तितकी सुट्टी कमी, हे मात्र आमच्या आळीला लगेच पटलं.

याच किनाऱ्यावर एके काळी कारभार उलटा होता, याची मला दर फॉर्म भरताना आठवण होते. कुलाब्याच्या किल्ल्यात कान्होजी आंग्रे बसलेले असत, आणि कोकणच्या पाण्यातून गलबत न्यायचं तर त्यांचं दस्तक घ्यावं लागे. इंग्रजांना ते जड जाई. दस्तक घ्यायचं नाही, आणि गलबत पकडलं की सरखेल कान्होजींना चाचा म्हणायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. १७२९ मध्ये कान्होजी गेले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. आता दस्तक इंग्रजांचं आणि रांग आपली. ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे, फोटोत हसायचं नाही, आणि वर आरोग्याचा अधिभार म्हणून विद्यार्थ्यामागे वर्षाला ७७६ पौंड. कान्होजींनी गलबतांवर आरोग्य अधिभार लावल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि ही वीस तासांची मुभा मिळते कुणाला? ज्याला कामाची गरज नाही, असं सिद्ध होतं त्याला! आधी खात्यात पैसे दाखवा, त्या पैशांवर तुमचं भागेल अशी आमची खात्री पटू द्या, मग पाहिजे तर कामाला जा. ब्रिटनसाठी हे पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असावे लागतात. आमच्याकडे सुतक दहा-बारा दिवसांत फिटतं. या पैशांना २८ दिवस शिवायचं नाही. तेवढ्या काळात घरातल्या कुणी आजारी पडायचं नाही, पंप जळायचा नाही, वाडीचं कुंपण पडायचं नाही. कॅनडाने हा दाखवायचा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर केला, फी आणि प्रवासखर्च सोडून. जर्मनी त्याहून सावध. ती वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका कुलूपबंद खात्यात भरून घेते, आणि तुमचेच पैसे तुम्हाला महिन्याला ९९२ असे मोजून देते.

हे सगळं ऐकवूनसुद्धा एका वाक्यापुढे माझं काही चालत नाही. ते वाक्य एजंटचं. बोर्डावर टॉवर ब्रिज, आत एसी, टेबलावर पेढे. वाक्य असं: 'फीची काळजी करू नका हो, पार्ट टाइममध्ये फी निघून जाते.' मग मी पाटी-पेन्सिल घेऊन बसतो. ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झालं, तेच धरू. वीस तासांचे २४४ पौंड २० पेन्स. पौंडाला शंभराच्या वर रुपये. इथवर आलं की घरातल्यांचे डोळे चमकतात. 'म्हणजे आठवड्याला पंचवीस हजारांच्या वर? बसून?' बसून नाही, उभं राहून, पण असो. आता वर्षाचे ५२ आठवडे, एकही आठवडा न चुकवता, न आजारी पडता, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा काम केलं असं धरू. झाले १२,६९८ पौंड. गंमत म्हणजे तिकडे १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही. म्हणजे बिचाऱ्याने वर्षभर एकही रजा घेतली नाही तर वरच्या १२८ पौंडांवर करसुद्धा भरेल. आणि एका वर्षाच्या मास्टर्सची फी? बहुतेक ठिकाणी १५,००० पौंडांच्या पुढे. म्हणजे न जेवता, न झोपता, छपराशिवाय राहिलं तरी फी निघत नाही. छपराखाली राहणार असेल तर भाडं वेगळं.

एवढी आकडेमोड ऐकून वडील म्हणतात, 'पण तो सांगत होता निघते म्हणून.' त्याच्या टेबलावर पेढे होते, माझ्या टेबलावर पाटी. लोक पेढ्यांचं ऐकतात.

देशागणिक व्रताचा विधी बदलतो. ऑस्ट्रेलियात ते पंधरवड्याचं आहे: १४ दिवसांत ४८ तास. पण पंधरवडा प्रतिपदेला सुरू होत नाही, सोमवारी होतो, आणि दर सोमवारी नव्याने होतो. पहिल्या आठवड्यात १८, दुसऱ्यात ३०, झाले ४८, ठीक. तिसऱ्यात २० केले की दुसरा-तिसरा मिळून ५०, आणि दोन तासांनी घात. हे समजावताना मी कालनिर्णयाची दोन पानं खराब केली. जर्मनी दिवस मोजते. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. मार्च २०२४ पूर्वी १२० आणि २४० होते. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. आयर्लंडमध्ये सत्रात २०, पण जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४०. अमेरिका सगळ्यांत सोवळी. तिथे पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर पाय टाकून कमवायचं नाही. आत, सत्र चालू असताना, आठवड्याला २०. म्हणून अमेरिकेला गेलेल्या पोराचे वडील सांगतात, 'त्याला विद्यापीठातच नोकरी लागली.' खोटं नाही. विद्यापीठाच्या खाणावळीत ट्रे पुसायला लागली.

आणि हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. कॅनडात २० होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादाच उठवली, एप्रिल २०२४ अखेर परत आणली, आणि ८ नोव्हेंबर २०२४ पासून २४ केली. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये मर्यादा काढून टाकली, १ जुलै २०२३ पासून ४८ ची बसवली. कारणं मोठी मोठी लिहिलेली असतात, अभ्यासावर परिणाम वगैरे. मला दिसतं ते एवढंच: महामारीनंतर हॉटेलांत भांडी घासायला माणूस मिळेना, तेव्हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची कुणाला चिंता नव्हती. घरभाडी वाढली, लोक कुरकुरायला लागले, तशी अभ्यासाची काळजी पुन्हा उफाळून आली. गरज पडली की सैल, गरज सरली की आवळ. आमच्या नागावात सीझनला पाणी भरायला ठेवलेल्या पोराला हे शास्त्र कॅनडाला न जाता कळतं.

पण कामाला हद्द घालायची म्हणजे काही परकी कल्पना, असं आमच्या किनाऱ्याने तरी म्हणू नये. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून बेने इस्रायल लोक लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते इथे तेलाचे घाणे चालवू लागले, किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले, मराठी बोलू लागले. पण शनिवारी घाणा बंद. गिऱ्हाईक दारात उभं असो, दिव्यात तेल नसो, शनिवारी बैल जुंपायचा नाही. गावाने त्यांचं नावच शनवार तेली ठेवलं. त्यांचं मागेन आबोथ सिनेगॉग आजही अलिबागच्या इस्रायल आळीत आहे. आठवड्यातला एक दिवस काम करायचं नाही म्हणजे नाही, आणि त्यासाठी व्हिसा ऑफिसरचा धाक लागत नव्हता.

मासेमारीची बंदी तर दर वर्षीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका समुद्रात जायच्या नाहीत, मोजून ६१ दिवस. माशांना अंडी घालू द्यायची, माणसाने जाळी विणायची, होडीला रंग द्यायचा आणि सुक्या बोंबलावर दिवस काढायचे. आणि काम अजिबातच न करणं हेही हत्यार असतं, हे तर आमच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी अख्ख्या देशाला दाखवलं. खोतांच्या विरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. रानातली लाकडं विकून लोक जगले, पण खोताच्या शेतात उतरले नाहीत. अशा तालुक्यातलं पोर एकविसाव्या तासाला मॅनेजरला 'नाही' म्हणायला घाबरतं, तेव्हा मला जरा वाईट वाटतं. मॅनेजर म्हणतो, वरचे तास रोखीत देतो, कागदावर नको. तास कागदावर नसले की मजुरीही कमी, आणि ती दिलीच नाही तर तक्रार करणार कुठे? ज्याने जास्त काम करणं हाच गुन्हा आहे, त्याने जास्त कामाचे पैसे मागायला कोणत्या तोंडाने जावं! खोतांच्या काळी एवढी सफाई नव्हती.

शिकताना राबायचं, हेही आपल्याला नवं नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात गरिबाचं पोर शहरात शिकायला गेलं की वार लावून जेवायचं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. बदल्यात पाणी भर, पूजेची फुलं आण, धाकट्याची बाराखडी घे. सात घरं मिळवली की आठवडा लागला मार्गी. सहाच मिळाली तर एक दिवस उपास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि त्या मिंधेपणाला 'कमवा आणि शिका' असं ताठ मानेचं रूप दिलं. वसतिगृहाची पोरं शेतात खपायची, दगड फोडायची आणि पदव्या घ्यायची. पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाची कमवा आणि शिका योजना आजही आहे. पण आमच्या आळीतल्या किती जणांनी आपल्या पोराला त्या योजनेत घातलं, विचारा. 'छे हो, आमच्या बंटीला कशाला बागेत पाणी घालायला लावता?' तोच बंटी मँचेस्टरच्या गोदामात रात्री खोकी उचलतो, तेव्हा पेढे वाटतात.

हुद्द्यांची तर बातच न्यारी. भांडी घासणारा तो किचन पोर्टर. खोकी उचलणारा तो वेअरहाउस ऑपरेटिव्ह. पावात काकडी भरणारा सँडविच आर्टिस्ट. बर्गरच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा क्रू मेंबर, आणि इथे आमच्याकडे खरी पंचाईत होते. कारण या किनाऱ्यावर क्रू म्हटलं की एकच अर्थ: बोट. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनची कितीतरी माणसं पिढ्यान्पिढ्या जहाजांवर गेली. एका आजोबांनी नातू क्रूमध्ये लागल्याचं ऐकलं आणि विचारलं, 'डेकवर की इंजिनात?' नातू म्हणाला, 'फ्रायवर.' आजोबा अजून सगळ्यांना सांगतात, नवीन प्रकारचं खातं आहे, आमच्या वेळी नव्हतं.

लग्नाच्या बायोडेटात या सगळ्याचं मिळून 'हॉस्पिटॅलिटी अँड लॉजिस्टिक्स' होतं. मुलीकडचे भारावतात. मुलीकडच्यांची मुलगीही परदेशीच असेल तर हसतात, कारण त्यांच्याकडे 'हेल्थकेअर' असतं, म्हणजे ती वृद्धाश्रमात इंग्रज आजीला आंघोळ घालते. घरच्या आजीने पायाला तेल लाव म्हटलं की हिचं सबमिशन असायचं.

थळच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींची मुलगी कॅनडात आहे. आईने जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर वाहिली, ती एवढ्यासाठी की मुलीच्या हाताला मासळीचा वास लागू नये. मुलगी इंजिनिअर झाली, टोरांटोजवळ पुढचं शिकायला गेली, आणि पहिली नोकरी लागली सुपरमार्केटातल्या मासळीच्या काउंटरवर. मावशींनी तो व्हिडिओ मला दाखवला. डोक्यावर जाळी, अंगावर पांढरा कोट, डाव्या हातात पोलादी विणीचा मोजा. कामाला लागण्यापूर्वी तिला सुरी कशी धरायची याचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि प्रमाणपत्रही.

'लोखंडाचा मोजा,' मावशी म्हणाल्या. 'मग मासा ताजा हाय का शिळा, हाताला कळतं कसं?'

'मावशी, तिथे तारीख छापलेली असते.'

'तारीख माशाला ठावं असते?' त्यांनी व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून, बर्फावरच्या माशाचं गलफड बघितलं. बोलल्या काही नाहीत, पण चेहरा सांगत होता. मग विचारलं, 'गिऱ्हाईक भाव करीत नाय?'

'नाही.'

'शिव्या?'

'शिव्यापण नाही.'

'मग दिवसभर करते काय पोर!' त्या खरोखरच काळजीत पडल्या. मुलीची चोवीस तासांची मर्यादा मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी दिवसाला चोवीस असं समजून मान डोलावली. आठवड्याला, म्हटल्यावर हसायला लागल्या. मावशी पहाटे अंधारात बंदरावर लिलावाला जातात, मग बाजारात बसतात, उरलेलं दारोदार. त्यांचा आठवडा किती तासांचा, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास आहेत, पण पाटी म्हणजे आस्थापना नव्हे.

नागावच्या आमच्या काकींचं घर मात्र आता आस्थापनाच म्हणायला हवं. चार खोल्या, पुढे झोपाळा, मागे वाडी, बोर्डावर 'घरगुती जेवण'. शनिवारी सकाळी मांडव्याला रो-रो बोट लागली की दुपारपर्यंत पुण्या-मुंबईच्या गाड्या दारात. मुलगा लेस्टरला एमएस्सी करतो आणि किचन पोर्टर आहे. मागच्या डिसेंबरातला शनिवार, दुपारचे तीन, म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. पोरगं बसमधून फोनवर होतं. फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला. काकी तांदळाची भाकरी थापत होत्या, तव्यावर सुरमईचे तुकडे, सोलकढीचं पातेलं अर्धं झालेलं. मी माझं मानधन पीत कोपऱ्यात.

'आई, या आठवड्यात अठरा तास झाले गं. पार दमलो.'

'मग दोन राहिले ना?'

'आज करतोय. आणि एरवी शिफ्ट सहा तासांच्या वर गेली की मधे वीस मिनिटं सुट्टी द्यावीच लागते त्यांना. कायदा आहे.'

'सुट्टीत काय करायचं?'

'काही नाही. नुसतं बसायचं.'

काकींचा हात भाकरीवर थांबला. 'नुसतं?'

बाहेरून आवाज आला, 'मावशी, दोन भाकऱ्या आणि एक सोलकढी!' हात पुन्हा चालू.

'आणि आई, मला भरपगारी रजापण साठते. पार्ट टाइमवाल्यालाही मिळते.'

'बरं. कढईचं बूड घासतोस ना नीट?'

'आई, मशीन आहे तिथे.'

'मशीनला बूड दिसतं का?'

पोरगं हसलं, आणि मग त्याने एक नको तो प्रश्न विचारला. तास मोजायची सवय लागलेला माणूस कधीतरी विचारतोच. 'आई, तुझे किती तास होतात गं?' काकींना उत्तर देता येईना, म्हणून त्यानेच हिशेब मांडला. शनिवारी पहाटे पाचला उठणं, रात्री अकराला शेवटचं पातेलं पालथं घालणं: अठरा. रविवारी पुन्हा पाच. म्हणजे रविवारी सकाळी सात वाजता, पोह्यांना फोडणी पडते त्या क्षणाला, काकींचे वीस तास पुरे होतात. पुढची न्याहारी, दुपारचं जेवण, चहा, चादरी, भांडी, हे सगळं बेकायदेशीर. सोमवार ते शुक्रवार तर धरलेच नव्हते.

काकी म्हणाल्या, 'ठेव आता फोन, तेल तापलंय.'

या किनाऱ्यावर श्रमाचा एकच कायदा आजवर कडक पाळला गेलाय: गणपतीला सुट्टी. तोही नेमका परदेशातल्या पोरांना लागू नाही. आरत्या व्हिडिओवर, आणि मोदक पाहायला.

तेव्हा ज्यांचं पोर जानेवारीच्या बॅचला निघालंय त्या आई-वडिलांना विनंती. एजंटच्या पेढ्यांवर जाऊ नका, पाटी घ्या आणि स्वतः गुणाकार करा. राहण्या-जेवणाचे पैसे आणि फी घरातून निघत असेल तरच पाठवा. वीस तासांतून किराणा आणि बसचा पास निघतो, एवढंच धरून चाला. पोराला सांगा, एकविसावा तास कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. आणि विमानात बसवण्याआधी त्याला दोन शनिवार-रविवार आमच्या नागावात काकींकडे धाडून द्या. राहायची सोय आहे, जेवण उत्तम आहे, भांडी भरपूर आहेत. पगार मिळणार नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि तास कुणी मोजणार नाही.